घरचा कारखाना : हातचाक ऐकत नाहीं तेव्हां

या सदरांत आम्ही सहसा घरांतील लहानसहान यंत्रांची निगा आणि दुरुस्ती यांविषयीं लिहीत असतों. या महिन्याचा विषयहि तसाच आहे. परंतु त्याच्या मुळाशीं आमच्या स्वतःच्या घरीं घडलेला एक प्रसंग असून त्यांत आमच्या हातून एका मुलावर अन्याय झाला. तो प्रसंग झांकून ठेवून केवळ कोरडी माहिती दिली, तर ती अपुरी राहील असें वाटल्यावरून प्रथम तोच सांगतों.

आमच्या घराच्या मागील पडवींत गेलीं तीन वर्षें एक लहान सीएनसी यंत्र आहे. संगणकानें आंकड्यांच्या भाषेंत सांगावें आणि फिरत्या कटरानें तें लाकडांत कोरून काढावें, असें त्याचें काम. आंकड्यांच्या आज्ञेवर चालणाऱ्या मिलिंग यंत्राचें प्रात्यक्षिक अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत १९५२ सालीं झालें. त्या काळीं आज्ञा छिद्रें पाडलेल्या फितीवरून दिल्या जात. आज तीच विद्या एका मेजावर मावते आणि हौशी मंडळींच्या घरांत शिरली आहे. आमचें यंत्र आम्ही आणि आमचा पुतण्या अशा दोघांनीं मिळून उभें केलें. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यंत्राचें हाडमांस त्यानें जुळविलें. संगणकांतील मांडणी मात्र आमच्या हातची. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण तिचा संबंध पुढें येणार आहे.

अशा यंत्राबरोबर पुष्कळदां एक हातांत धरावयाचें साधन घेतात. बाजारांत त्याला पेंडंट म्हणतात. आमच्या घरीं त्याला हातचाक असें नांव पडलें आहे. त्यावर एक खांचांचें चाक असतें, कोणता अक्ष हलवावयाचा तें ठरविणारी एक कळ असते, आणि एका खांचेला अक्षानें किती सरकावें तें सांगणारी दुसरी. एका फेऱ्यांत शंभर खांचा. दुसरी कळ एकावर असली तर एका खांचेला मिलिमीटरचा हजारावा भाग, दहावर असली तर शंभरावा, आणि शंभरावर असली तर दहावा.

दादांना, म्हणजे आमच्या वडील बंधूंना, यंदा साठ वर्षें पुरीं झालीं. कोंकणांतील आमचें जुनें घर उतरविलें तेव्हां माजघराच्या दाराची एक सागवानी फळी त्यांनीं जपून आणली होती. षष्ट्यब्दीच्या निमित्तानें त्या फळीची देव्हाऱ्यासाठीं महिरप कोरावी, असें पुतण्यानें ठरविलें. फळी यंत्रावर बसली. कटराचें टोंक फळीला अलगद टेकवून तेथें शून्य धरावयाचें होतें. हें काम करण्याची रूढ रीत अशी कीं, फिरकी बंद ठेवून कटर चाकानें खालीं आणीत जावा आणि खालीं कागदाचा कपटा दोन बोटांनीं हलवीत राहावें. कपटा अडला कीं टोंक टेकलें. पुतण्यानें शंभराच्या खुणेवर चाक दोन फेरे झरकन् फिरवून कटर खालीं घेतला, फळीपासून सहा-सात मिलिमीटरांवर आलेला पाहून चाक सोडलें आणि कपटा खालीं सरकवूं लागला. कटर मात्र थांबला नाहीं. त्यानें बोटें मागें ओढलीं त्याच क्षणीं टोंक फळींत घुसलें आणि मोडलें. आजोबांच्या हाताखालीं पन्नास वर्षें उघडझांप झालेल्या त्या लांकडाला तीन मिलिमीटर खोल भोंक पडलें.

आवाज ऐकून सगळीं पडवींत जमलीं. दादा फळीकडे पाहून म्हणाले, “अरे, यंत्रापुढं बसतोस तेव्हां लक्ष कुठं असतं तुझं?” तो म्हणाला, “बाबा, मी चाक सोडलं होतं. ते आपोआप खाली आलं.” त्यावर आम्हीं मोठ्या शहाणपणानें सांगितलें, “यंत्र आपोआप कांहीं करीत नाहीं. करणारा हात करतो.” तो पुढें एक अक्षर बोलला नाहीं. यंत्रावर जुनी चादर घातली गेली आणि तो पडवींत येईनासा झाला.

आठएक दिवसांनीं वहिनींनीं आम्हांस चहा देतांना म्हटलें, “भावजी, तो खोटं बोलत नाहीं. मुलाची जबानी घेतलीत, आतां यंत्राचीहि एकदां घ्या.” तें बोलणें आम्हांस लागलें. पुढचे चार रविवार आम्हीं पडवींत घालविले. त्यांतून जें शिकलों तें क्रमानें देतों.

प्रथम एक मूळ गोष्ट समजून घेतली पाहिजे. जुन्या लेथवर चाक आणि स्क्रू यांचा संबंध प्रत्यक्ष असतो. हात थांबला कीं स्क्रू थांबतो. हातचाकाचें तसें नाहीं. तें अक्षाला हलवीत नाहीं. तें संगणकाकडे अर्ज करतें. स्वयंपाकघरांतून आजींनीं सांगितलेला निरोप मुलांच्या तोंडून ओसरीवर पोंचतो, तशी ही वाट आहे. चाकांतून विद्युत्-स्पंदनें निघतात, तीं तारेनें किंवा बिनतारी मार्गानें रिसीव्हरकडे जातात, तेथून संगणकांत, संगणकांतून मोटरीच्या ड्रायव्हरकडे आणि मग मोटर फिरते. निरोप वाटेंत हरवतो, दोनदां पोंचतो, कधीं उशिरां पोंचतो. म्हणून “हातचाक बिघडलें” असें म्हणून तें फेंकून देण्यापूर्वीं निरोप कोठें अडला हें शोधावें. शोधतांना कटर काढून ठेवावा आणि यंत्रावर कांहीं लावूं नये.

पहिली परीक्षा मोजणीची. अक्षाला डायल इंडिकेटर लावावा, कळ दहाच्या खुणेवर ठेवावी आणि सावकाश शंभर खांचा पुढें, शंभर मागें फिरवाव्या. कांटा बरोबर एक मिलिमीटर पुढें जाऊन शून्यावर परत आला पाहिजे. येथें चार प्रकारचीं उत्तरें मिळतात आणि प्रत्येकाचें कारण निराळें असतें.

कांटा नियमानें चौपट पुढें गेला, तर बिघाड कांहींच नाहीं. हिशेब चुकला आहे. चाकाच्या आंत ए आणि बी असे दोन प्रवाह असतात आणि एका खांचेंत त्या दोघांचे मिळून चार चढउतार होतात. संगणकानें चढउतार मोजले आणि त्यांनाच खांचा समजला, कीं एकाचे चार होतात. मांडणींत चारानें भागावें म्हणजे झालें. अक्ष उलट दिशेनें गेला तर ए आणि बी यांच्या तारांची अदलाबदल झाली आहे.

चाक फिरवावें आणि अक्षानें जागच्या जागीं थरथरावें पण पुढें जाऊं नये, असें झालें तर दोनांपैकीं एक प्रवाह मेला आहे. कोणता प्रवाह आधीं बदलला यावरून संगणक दिशा ओळखतो. एकच बदलत राहिला तर एक पाऊल पुढें, एक मागें, याखेरीज त्याला कांहींच कळत नाहीं. तारेचें हातचाक असेल तर बहुधा तार पेटींत शिरते त्या वळणापाशीं आंतली बारीक तार तुटलेली आढळते; वरचें आवरण शाबूत असतें. तार त्या जागीं वांकवीत मल्टिमीटरनें पाहिलें कीं दोष सांपडतो. चाकाचें व्होल्टेज पाहतांना मात्र एक फसगत होते. खांचेवरून खांचेवर गेलें तर मीटरवर तेंच व्होल्टेज दिसतें, कारण प्रत्येक खांचेवर प्रवाहांची स्थिति एकच असते. आणि मनुष्य समजतो कीं चाक मेलें. दोन खांचांच्या मध्यें चाक अगदीं हळू सरकवावें, म्हणजे शून्य आणि पांच व्होल्ट यांमधील चढउतार दिसतो.

चाकाला हात न लावतां अक्ष थरथरला किंवा सरकला, तर विजेचा गोंगाट आंत शिरतो आहे. स्पिंडलच्या मोटरीचा वेग बदलणारी व्हीएफडी नांवाची पेटी हा त्याचा नेहमींचा उगम. स्पिंडल बंद ठेवून आणि चालू ठेवून अशी दोनदां परीक्षा घ्यावी. फरक पडला तर चोर सांपडला. हातचाकाची तार मोटरीच्या तारेबरोबर एका मोळींत कधींहि बांधूं नये. ओलांडावीच लागली तर काटकोनांत ओलांडावी. तारेवरील जाळीचें आवरण नियंत्रक पेटीच्या टोंकाला अर्थिंगला जोडावें आणि दुसरें टोंक मोकळें ठेवावें. चाकांतून ए आणि बी यांचे उलट प्रवाहहि बाहेर आणले असतील, तर त्या जोड्यांचा उपयोग अवश्य करावा. जोडींतील दोन्ही तारांवर गोंगाट सारखाच येतो आणि वजाबाकींत निघून जातो.

चौथें उत्तर असें कीं, कांटा कधीं बरोबर येतो, कधीं कमी. आमचें उत्तर हेंच आलें. एकदां सत्त्याण्णव खांचा पोंचल्या, एकदां एक्क्याण्णव, एकदां पुऱ्या शंभर. आमचें हातचाक बिनतारी. अशा वेळीं प्रथम सेल पाहावे. पुन्हां भरतां येणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे, आणि कांहीं हातचाकांना तेवढा फरक सोसत नाहीं. आम्हीं नवे सेल घातले. सुधारणा झाली नाहीं. संगणक यूएसबीची वीज वांचविण्यासाठीं रिसीव्हरला निजवितो कीं काय तेंहि पाहिलें; तसें नव्हतें. मग रिसीव्हर कोठें आहे तें पाहिलें. तो संगणकाच्या मागल्या बाजूस, लोखंडी कपाटांत, आणि एका यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कला खेटून! इंटेल कंपनीनें २०१२ सालीं एक टिपण प्रसिद्ध करून दाखवून दिलें आहे कीं, यूएसबी ३ च्या तारा व जोड यांतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या बिनतारी साधनांच्या मार्गांत येतो. आमच्या हातचाकाचा मार्ग नेमका तोच होता. डिस्क दूर केली, हातभर लांबीच्या जोडतारेनें रिसीव्हर कपाटाबाहेर यंत्राच्या समोर आणला, आणि दहा वेळां मोजणी केली. दहाहि वेळां शंभर.

येथपर्यंत येऊन आम्ही समाधानानें उठणार होतों. पण विचार केला तेव्हां लक्षांत आलें कीं, हा दोष खांचा हरवण्याचा होता; यानें कटर थांबेल, परंतु जास्त खालीं जाणार नाहीं. मग फळींतलें भोंक कशानें पडलें? पुतण्याची जबानी अजून खरी ठरली नव्हती.

तिसऱ्या रविवारीं त्यालाच हांक मारली. “त्या दिवशीं तूं काय केलंस तें जसंच्या तसं करून दाखव,” असें आम्हीं सांगितलें. त्यानें कळ शंभरावर ठेविली आणि चाक दोन फेरे झरकन् फिरवून हात वर केला. हात हवेंत, आणि अक्ष खालीं चाललेला! त्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं यंत्राकडे पाहिलें.

हिशेब सोपा होता. तो पहिल्याच दिवशीं करावयास हवा होता. दोन फेरे म्हणजे दोनशें खांचा. शंभराच्या खुणेवर त्या झाल्या वीस मिलिमीटर. हे फेरे त्यानें एका सेकंदांत दिले. आमच्या उभ्या अक्षाचा कमाल वेग मिनिटास सहाशें मिलिमीटर, म्हणजे सेकंदास दहा. हात थांबला तेव्हां अक्ष दहा मिलिमीटर चालून झाला होता आणि दहांची बाकी राहिली होती. ती बाकी त्यानें इमानानें फेडली. फळी सहा-सात मिलिमीटरांवर. उरलेले तीन-चार मिलिमीटर लांकडांत. आंकडे भोंकाच्या खोलीशीं तंतोतंत जुळले.

अक्षानें मागलें देणें फेडावें कीं चाक थांबतांच थांबावें, हें मांडणींत ठरवितां येतें. लिनक्ससीएनसी या प्रणालींत जॉग-व्हेल-मोड नांवाची एक निवड आहे. ती मुळांत बंद असते, आणि बंद असतां अक्ष मागितलेलें सर्व अंतर पुरें करतो, मग चाक केव्हांहि थांबो. ती चालू केली तर चाक थांबलें कीं अक्षहि थांबतो. कांहीं खांचांचें अंतर बुडतें, पण बोट वांचतें. मॅक३ मध्येंहि चाकाच्या पद्धतीची अशीच निवड आहे. आणि जीआरबीएल १.१ पासून चालू हालचाल तत्काळ रद्द करण्याची आज्ञाच निराळी ठेवली आहे. आमच्या यंत्रांत ती निवड मूळची तशीच बंद राहिली होती. मांडणी कोणाच्या हातची होती हें वर लिहिलेंच आहे.

मग एक प्रश्न उरला : इतका शहाणा मुलगा शंभराच्या खुणेवर चाक इतक्या जोरानें कां फिरवीत होता? त्यानेंच उत्तर दिलें. “काका, हळू फिरवलं तर कधीं ऐकतं, कधीं नाहीं. म्हणून जोरात फिरवायची संवय लागली.” पहिल्या दोषानें हाताला वाईट संवय लावली आणि दुसऱ्या दोषानें त्या संवयीचा दंड घेतला. एकेकटा कोणताहि दोष कदाचित् वर्षानुवर्षें खपून गेला असता. ज्या साधनावर विश्वास ठेवतां येत नाहीं, तें वापरणाऱ्याला हळूहळू उतावीळ करतें. घरांतील माणसांचेंहि असेंच असावें. ज्याचें बोलणें पहिल्यानें ऐकलें जात नाहीं, तो एकतर ओरडूं लागतो किंवा गप्प होतो. आमचा पुतण्या गप्प झाला होता.

आतां पडवींत पुढील नियम पाळले जातात. चाक थांबतांच अक्ष थांबेल अशी मांडणी आहे. उभ्या अक्षाला खालीं येतांना शंभराची खूण वर्ज्य. दहा, आणि शेवटीं एक. कागदाचा कपटा बोटांनीं न धरतां लांकडी पट्टीच्या टोंकाला चिकटवून सरकवितात. दररोज काम सुरू करण्यापूर्वीं एकदां शंभर खांचांची मोजणी होते. तिला दोन मिनिटेंहि लागत नाहींत. अक्ष निवडण्याची कळ दोन खुणांच्या मध्यें अडकत नाहीं ना तेंहि पाहतात, कारण मळलेल्या कळीनें भलताच अक्ष चालूं लागल्याचें आम्हीं अन्यत्र पाहिलें आहे. तिला इलेक्ट्रॉनिक जोड साफ करण्याचा फवारा पुरतो.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. हातचाकावर लाल रंगाचें थांबवण्याचें बटण असतें आणि तें पाहून मनुष्य निर्धास्त होतो. बिनतारी हातचाकावरील तें बटणहि अर्जच करतें, आणि तोहि त्याच वाटेनें. ज्या वाटेवर शंभरांतले नऊ निरोप हरवतात, त्या वाटेवर दहावा निरोप जिवाचा असूं शकतो. म्हणून आम्हीं यंत्राच्या पुढल्या चौकटीला एक स्वतंत्र लाल बटण बसविलें आहे. त्याचा जोड नेहमीं बंद असतो, दाबलें कीं उघडतो आणि मोटरींची शक्ति तारेनेंच तोडतो. मध्यें संगणक नाहीं, रिसीव्हर नाहीं. त्याची तार कधीं तुटली तरी यंत्र थांबेलच. पेटींतील हें काम आम्हीं जाणत्या वीजतंत्र्याकडून करवून घेतलें. वाचकांनींहि तसेंच करावें.

चौथ्या रविवारीं, जेवणें आटोपल्यावर, आम्हीं दादांच्या व वहिनींच्या देखत पुतण्याला सांगितलें, “तूं चाक सोडलं होतंस. यंत्रानं केलं तें माझ्या मांडणीनं केलं. मीं तुला बोललों तें चुकलं.” वडीलधाऱ्यांनीं लहानांपुढें असें बोलण्याची आमच्या घरीं फारशी चाल नाहीं, क्षणभर सगळींच अवघडलीं. दादा कांहीं वेळानें एवढेंच म्हणाले, “फळी आहे ना अजून? मग काम अर्ध्यावर कशाला ठेवतां?”

गल्लींतल्या वृद्ध सुतारांनीं त्याच फळीच्या कडेचा एक तुकडा काढून भोंकांत बसविला. रेषेला रेषा इतकी जुळविली आहे कीं माहीत नसणाराला दिसावयाची नाहीं. महिरप देव्हाऱ्यावर चढली. संध्याकाळीं निरांजनाचा उजेड तिरपा पडला कीं तो तुकडा आम्हांस दिसतो. पुतण्यालाहि दिसत असेल.

ज्या वाचकांच्या घरीं असें यंत्र आहे त्यांनीं येत्या रविवारीं शंभर खांचांची मोजणी करून पाहावी, आणि चाक जोरानें फिरवून हात उचलल्यावर अक्ष किती वेळ चालतो तेंहि, कटर काढून, अवश्य पाहावें. आणि घरांतील मुलानें “मीं केलं नाहीं, तें आपोआप झालं” असें सांगितलें, तर त्याच्यावर रागावण्यापूर्वीं यंत्राचीहि जबानी घ्यावी. पुढील महिन्यांत शिवणयंत्राचा पट्टा कां घसरतो याचा विचार करूं.